दादा, मी याला सांगितलं

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोनवर दोनदा विचारलंस, "आवाज असा का येतोय?" आणि दोन्ही वेळा मी सर्दीचं कारण सांगितलं. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं ते. तुझ्या आसपास वहिनी, आई, मुलं असतात. माझ्या शेजारी हा आणि लेक. म्हणून पत्र लिहायला घेतलं.

आधी मुख्य ते सांगून टाकते. तुझ्या कर्जाच्या हप्त्यासाठी मी दर महिन्याला पैसे पाठवते, हे आता याला माहीत आहे. त्याला कळू द्यायचं नाही, असं तू मला बजावलं होतंस. तो शब्द माझ्याकडून पाळला गेला नाही.

झालं असं की वर्षअखेरीचा हिशोब घेऊन तो बसला होता. घर घेण्यासाठी आम्ही जे बाजूला टाकतो, त्यात ठरल्यापेक्षा बरंच कमी दिसत होतं. त्याने विचारलं, तर मी म्हटलं, "घरखर्चात गेले असतील." तो काही बोलला नाही, माझ्या समोरच खात्याचा उतारा उघडला. अकरा महिने, दर महिन्याची पाच तारीख, तीच रक्कम, तुझं नाव.

दादा, तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी नको म्हटलं असतं, असं वाटलं तुला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस दुसरीकडून वार करतो, तसा मी केला. "घर कसं चालतं हे तू कधी विचारलंस?" इथून सुरुवात करून लेकीच्या दातांच्या डॉक्टरांपासून त्याच्या आईच्या औषधांच्या आठवणीपर्यंत सगळं काढलं. त्यानेही मग भांडी, कचरा, गाडी, विम्याचे कागद, सगळं मोजून दाखवलं. नंतरचे तीन दिवस आम्ही एकमेकांशी लेकीमार्फत बोललो. "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." सात वर्षांच्या मुलीला आम्ही निरोप्या केलं होतं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "तुम्हीच का नाही सांगत?" आणि त्याच दिवशी आम्ही समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

त्या बाई वयस्कर आहेत, बोलतात कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना एकेक कागद दिला. घरातल्या एकूण कामाचा किती टक्के भार तुम्ही उचलता, ते एकमेकांना न दाखवता लिहा म्हणाल्या. याने पन्नास लिहिले, मी पंचाहत्तर. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बेरीज सव्वाशे. मला वाटलं, आता याला त्या खोटं पाडतील. याला वाटलं, मला. त्यांनी दोघांनाही खोटं पाडलं नाही, एका जुन्या अभ्यासाविषयी सांगितलं. १९७९ साली कॅनडात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना वेगवेगळं विचारलं होतं, की घरातली कामं आणि जबाबदाऱ्या यांत तुमचा वाटा किती. बहुतेक बाबतींत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाच्या पुढे गेली. कोणी फसवत नव्हतं. आपण केलेलं काम आपल्याला आतून आठवतं. दुसऱ्याने केलेलं बहुतेक वेळा आपल्या नजरेआडच झालेलं असतं. आणि गंमत म्हणजे भांडण कोण उकरून काढतं, यातही लोक स्वतःचा वाटा थोडा जास्तच धरत होते. म्हणजे नुसती स्वतःची बढाई नव्हे ती. मला या शेवटच्या गोष्टीने फार धीर आला. इतके दिवस मी याला लबाड समजत होते.

पण दादा, त्या सव्वाशेवर मी थांबले नाही. खरं सांगते, माझे पंचाहत्तर मला अजूनही पुष्कळसे खरे वाटतात, आणि ते का, हे मला बाईंमुळे शब्दांत सांगता आलं. ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातल्या 'डोक्यातल्या कामाचे' चार तुकडे केले आहेत: पुढे काय लागणार ते आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं झालं का यावर लक्ष ठेवणं. ठरवायला नवरा-बायको बहुधा दोघंही असतात. पहिलं आणि शेवटचं मात्र जास्त करून बायकोकडे. आमच्याकडे अगदी हेच. लेकीला दाताच्या डॉक्टरांकडे तो नेतो, आणि ते काम 'आपलं' म्हणून मोजतो. नेतो हे खरंच आहे. पण दात वाकडा येतोय हे दिसणं, डॉक्टर शोधणं, वेळ मिळवणं, शाळेला कळवणं, सहा महिन्यांनी परत न्यायचं हे लक्षात ठेवणं, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते मी झोपेतसुद्धा करत असते. हे मी त्याला पूर्वी दहा वेळा सांगितलं असेल, पण दर वेळी रागाच्या भरात. या वेळी चार तुकडे लिहून समोर ठेवले. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "दातांचं सगळं माझ्याकडे दे. चारही." त्यानंतर एक वेळ चुकली, मला माहीत होतं की चुकणार आहे, आणि मी तोंड मिटून बसले. ते बसणं मला किती जड गेलं म्हणून सांगू!

आता पैशाचं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुला यातलं काही उपयोगी पडेल.

आम्ही लग्नापासून घरखर्च निम्मा-निम्मा करत आलो. ऐकायला किती न्याय्य! समज, दोघांची मिळून मिळकत शंभर भाग, त्यातले साठ त्याचे, चाळीस माझे. खर्च पन्नास. दोघांनी पंचवीस-पंचवीस घातले की त्याच्या हातात पस्तीस उरतात, माझ्या पंधरा. बचतीत दोघांनी सारखीच भर घालायची, असंही ठरलेलं. त्या पंधरामधून बचत, आणि त्यातूनच तुझा हप्ता. मला दर महिन्याला ओढ लागायची आणि त्याला वाटायचं, हिचा हात सैल आहे. बरं, माझे चाळीसच का? तर लेक झाल्यावर दोन वर्षं मी अर्धवेळ काम केलं म्हणून. ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण पगार कमी झाला माझा, बढती लांबली माझी, निवृत्तीसाठी साठणारे पैसे घटले माझे. निर्णय दोघांचा आणि तोटा एकटीचा, हे सहा वर्षं आमच्या घरात चाललं होतं आणि दोघांपैकी कोणालाच दिसलं नव्हतं. मलाही नाही, दादा. मला फक्त राग यायचा, कशाचा ते कळायचं नाही.

आता खर्च मिळकतीच्या प्रमाणात. त्याचे तीस, माझे वीस. त्याला तीस उरतात, मला वीस. अजूनही सारखे नाहीत, पण दोघांचे अर्धे जातात, अर्धे राहतात. त्याच्या मनाला हे लगेच पटलं असं नाही. "मी जास्त कमावतो म्हणून मी जास्त भरायचं?" असं त्याने विचारलंच. मी म्हटलं, "मी जास्त सांभाळते म्हणून मी कमी कमावते." त्यावर दोन दिवस गेले.

एक खातं दोघांचं काढलं, एकेक आपापलं ठेवलं. सगळंच एकत्र करा, असं सांगणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे आधार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २३० नव्या जोडप्यांतल्या काहींना चिठ्ठी टाकावी तसं एकत्र खातं ठेवायला सांगितलं, काहींना वेगळं. दोन वर्षांत एकत्र खातेवाल्यांचं नातं जास्त चांगलं टिकून राहिलं. मी तो मुद्दा मान्य करते. 'तुझे-माझे' जाऊन 'आपले' म्हणायची सवय लागते, हे मी तीन महिन्यांत स्वतः पाहिलं. तरी माझ्या नावाचं खातं मी बंद करणार नाही. कोणाला न विचारता खर्च करता येतील असे थोडे पैसे प्रत्येकाकडे असावेत असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या खात्यात काय आहे, ते दुसऱ्याला ठाऊक असावं. स्वतःचं असणं वेगळं, लपवलेलं असणं वेगळं.

आणि हे लिहिताना मला आई आठवली. तुला आठवतं ना, कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये ती नोटा ठेवायची? आपल्या दोघांनाच ती जागा माहीत होती. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तिने तिथून पैसे काढून दिले आणि बाबा नुसते बघत राहिले होते. आपण दोघं किती अभिमानाने सांगायचो ती गोष्ट! परवा मी ती याला सांगितली, आणि सांगता सांगता मलाच रडू आलं. आईने लपवलं, कारण तिला विचारायची सोयच नव्हती. प्रत्येक खर्चाला हात पसरावा लागायचा. मला कोणासमोर हात पसरावा लागत नाही. मी कमावते, माझा नवरा ऐकून घेणारा आहे. तरी मी लपवलं, आणि तूही लपवायला सांगितलंस. आईची मजबुरी आपण दोघांनी वारसा म्हणून घेतली. त्याची बाजूही तेव्हाच कळली. त्याच्या लहानपणी वडिलांची नोकरी अचानक गेली होती, घरात दोन वर्षं कोणी मोठ्याने हसलं नव्हतं. बचत कमी दिसली की त्याच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे. नऊ वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही हिशोबाला बसतो, दुसऱ्याच महिन्यात भर बैठकीतून मी उठून गेले. आता एक पाळतो: रात्री जेवणानंतर पैशाचा विषय काढायचा नाही, दमलेलं माणूस ऐकत नाही. आणि एका ठरावीक रकमेच्या वर काही घ्यायचं तर आधी बोलायचं. परवानगी म्हणून नव्हे, कानावर असावं म्हणून.

आता तुझ्याविषयी. दोघांच्या खर्चाच्या यादीत आम्ही 'घरच्यांसाठी' अशी एक ओळ घातली आहे. त्याच्या आईची औषधं, आपल्या आईला जातात ते, आणि तुझा हप्ता. हप्ता लिहिला त्याने, मी नाही. "दादाला द्यायचे ते दोघांनी देऊ" म्हणाला. फक्त दोन गोष्टी त्याने विचारल्या. एकूण किती हप्ते राहिलेत? मला सांगता आलं नाही, कारण मीही तुला कधी विचारलं नव्हतं. तो आकडा कळव, आम्हाला घराच्या हिशोबात धरायचा आहे. दुसरं त्याने विचारलं, "वहिनींना माहीत आहे?"

मी गप्प बसले. दादा, वहिनी दर फोनवर मला सांगते, यंदा धंद्याने जरा दम धरला, हप्ते वेळेवर जातायत. तिच्या आवाजात तुझ्याविषयी केवढं कौतुक असतं! मी "हो ना" म्हणते आणि विषय बदलते. त्या भरवशावर ती काही ठरवत असेल, मुलांच्या शिक्षणाचं, घराच्या कामाचं. उद्या तिने एखादा उतारा उघडला तर? याचा तो चेहरा मी पाहिला आहे, वहिनीचा तसा बघवणार नाही मला. तुला लाज वाटते हे मला समजतं. धंदा बसला त्यात तुझा दोष नव्हता, आणि तुझ्या बहिणीने हातभार लावला यात तुझं काही कमी होत नाही. मी तिला काही सांगणार नाही, ते तुझ्याच तोंडून यायला हवं. सुरुवात करणं जमत नसेल, तर हे पत्र तिच्या हातात दे आणि तिथेच बस, उठून जाऊ नकोस. वहिनी, तू हे वाचत असशील तर माझ्यावर रागाव, मी ऐकून घेईन.

आईला यातलं काही कळायला नको, तिचं वय नाही आता. तिला माझा नमस्कार सांग, मुलांना गोड पापा.

पाच तारखेला हप्ता निघेल. या वेळी आमच्या दोघांच्या खात्यातून. कशासाठी, या रकान्यात मी वर्षभर 'किरकोळ' लिहायचे. या वेळी याने आधीच भरून ठेवलं आहे: 'दादा'.

तुझी,
धाकटी