पेढे नकोत, लोकरीचे मोजे आणा

व्हिएन्ना, 5 ऑक्टोबर

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईनं दोन मिनिटांत "नको गं बाई" म्हणून विषय संपवला असता, म्हणून लिहितेय. मी दिवाळीला येत नाहीये. नाताळात तुम्ही दोघं इकडे येताय. 20 डिसेंबरची तिकिटं काढून झाली. आई, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार 18 तारखेला आहे. पंचांग बघूनच काढलीत.

न विचारता केलं, चुकलंच. पण मागे उन्हाळ्यात आलात तेव्हा काय झालं? मी दिवसभर ऑफिसात आणि तुम्ही खिडकीत बसून ट्रॅम मोजताय. नाताळात मला सलग दहा दिवस सुट्टी आहे. दिवाळीला आले असते तर चार दिवस मिळाले असते, त्यातला एक मुंबई-सातारा रस्त्यावरच गेला असता. शिवाय तिकिटं आत्ता स्वस्त होती. शिवाय... जाऊ दे. मला तुमच्याबरोबर नाताळातलं हे गाव बघायचंय, एवढंच आहे.

थंडी शून्याच्या आसपास असते, पण दाराबाहेर. घरात हीटर आहे. आई, तू त्यावर ओलं पातळ टाकशील आणि मी ओरडणार नाही. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, 1873 पासून थेट गावात येतं. उकळत बसू नकोस. कुकर आहे, तूरडाळ आहे, कढीपत्ताही मिळतो. बाथरूममध्ये मग ठेवलाय.

फिरायचं ते बसून. ऑपेरा, संसद, टाउन हॉल सगळं ट्रॅमच्या खिडकीतून दिसतं. मध्ये एकदा गाडी बदलायची, तेवढंच. सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत. बाबा, त्याचं नाव काढायचं नाही! अजिंक्यतारा चढायचात तेव्हाचे गुडघे वेगळे होते. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वीस टनांची घंटाही तिथेच आहे. म्यूझियममध्ये ब्रॉयगेलचं 1565 चं चित्र आहे, बर्फातून परतणारे शिकारी आणि त्यांची कुत्री. समोर सोफ्यावर हवं तेवढा वेळ बसा. ड्रॉइंग मास्तरांना तिथून कोणी उठवणार नाही.

चारलाच अंधार पडतो. मग टाउन हॉलसमोरचा बाजार. भाजलेल्या चेस्टनटचा धूर आणि माणसांची ही गर्दी. गणपतीचे देखावे बघताना मी बाबांच्या खांद्यावर असायचे, तसं कुणी आता मला घेणार नाही, पण तुमचा हात मात्र मी धरणार. गरम पंच बिनदारूचाही मिळतो. (दुसऱ्या प्रकाराबद्दल बाबांशी वेगळं बोलेन.) कपासाठी अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. आई, तुझा कप आपण परत करणार नाही.

गेल्या वर्षी तिथल्या एका लाकडी टपरीवर येशूच्या गव्हाणीची चित्रं मांडली होती. मेंढपाळ, बैल, गाढव. आपण किल्ल्यावर मावळे मांडायचो अगदी तशीच, मोठी पुढे, छोटी मागे. पहारेकऱ्याचा हात मोडला तेव्हा बाबांनी मेणबत्तीच्या मेणानं नवा केला होता, आठवतं? मी तरी रडायची थांबले नाही, म्हणून मग त्याला रंगही दिला. मी त्या टपरीवरून एक मेंढी घेतली.

आता ऐका. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, इंग्रजी चिठ्ठीसकट. सामानात टाकल्यात तर बघा. कंदी पेढे आणि तूप आणायचं नाही. दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, आणि आईनं कढवलेलं तूप डोळ्यांदेखत फेकलेलं मला बघवणार नाही. चटणी चालेल. लोकरीचे मोजे चार-चार जोड. 24 तारखेला दुपारनंतर दुकानं बंद, 25-26 लाही बंद, भाजी मी आधीच भरून ठेवेन. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. रागावू नका बाबा, तुम्हाला चालता येत नाही म्हणून नाही. तिथलं चालणं फार लांबलचक आहे आणि खुर्चीवाल्यांना रांगेत ताटकळावं लागत नाही. आईला तुमच्याबरोबर पुढे जाता येईल.

त्या मेंढीचा एक पाय आखूड आहे, सारखी पडते. मेणबत्ती आणून ठेवली आहे.

तुमची,
चिऊ