डुकराचे स्वादुपिंड आणि खानदेशातील मधुमेही मुले : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : डुकराच्या स्वादुपिंडातील पेशींच्या रोपणासाठी राज्याने पूर्वतयारी करण्याबाबत.

महोदय,

विषय वाचून आपल्या कार्यालयात कोणाला हसू आले तरी नवल नाही. परंतु कित्येक दशके आपल्याकडचे सर्व धर्मांचे मधुमेही डुकराच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिनच टोचून घेत होते. माणसाच्या आणि डुकराच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लांपैकी केवळ एकाचा फरक आहे. म्हणजे डुकराच्या बीटा पेशी (स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी) आपल्या शरीरात तगल्या, तर त्यांचे इन्सुलिन उपयोगी पडेल. अडचण आहे ती त्यांना तगवण्याची.

२००० साली कॅनडातील एडमंटन येथे मृत दात्यांच्या स्वादुपिंडातील द्वीपके, म्हणजे बीटा पेशी असलेले पुंजके, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडल्यावर ७ रुग्णांचे इन्सुलिन बंद करता आले. मात्र मानवी दाते मोजके, आणि एका रुग्णाला बहुधा एकाहून अधिक दात्यांची द्वीपके लागतात. म्हणून डुकराकडे वळावे लागते. त्यातही कोणत्या वयाचे डुक्कर, हा कळीचा मुद्दा आहे. प्रौढ डुकराची द्वीपके लगेच कामाला लागतात, पण वेगळी काढताना विस्कटतात. नवजात पिलांची चिवट असतात, पण साखरेला नीट प्रतिसाद देण्याइतकी तयार व्हायला वेळ घेतात. डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांना गर्भाच्या ४२व्या दिवसाच्या सुमाराचे स्वादुपिंड रोपणासाठी सर्वांत योग्य आढळले. स्वीडनमध्ये १० रुग्णांना गर्भावस्थेतील डुकराच्या पेशी दिल्याचा वृत्तांत १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी चौघांच्या लघवीत डुकराचे सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना सुटा होणारा तुकडा) अनेक महिने सापडत राहिले, पण इन्सुलिन कोणाचेच सुटले नाही. हा उपचार दारात येऊन उभा आहे, असे म्हणूनच मी म्हणणार नाही.

शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागत असल्याने तो सर्वांसाठी नाही. साठीला आलेल्या माणसाच्या गोळ्यांवर भागणाऱ्या मधुमेहाशी त्याचा तूर्त संबंध नाही. तो आहे टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या मधुमेहाच्या, त्या रुग्णांसाठी, ज्यांची साखर पूर्वसूचना न देता एकदम उतरते. मे महिन्यात रावेर-यावलकडे पारा ४५ अंशांकडे जातो आणि वीज गेली की घरातली आई इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवते. रात्री उठून लेकराच्या कपाळाला घाम आला आहे का, हे हात लावून पाहते. साखर तपासायची स्ट्रिप महाग, म्हणून आधी हात, मग सुई.

आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा मानवी अवयवांचा आहे. १९९७ साली गुवाहाटीत रुग्णाला डुकराचे हृदय बसवणाऱ्या शल्यविशारदाला त्याच कायद्याखाली अटक झाली. रुग्ण दगावला होता आणि त्या प्रयोगाचे समर्थन मी करत नाही. पण प्राण्यांच्या ऊतकांबाबत सुस्पष्ट नियम हवेत, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. अर्थात गावात मोकाट फिरणारी डुकरे या कामाची नाहीत. डुकराच्या जनुकांतच रेट्रोव्हायरस नावाचे विषाणू दडलेले असतात. ते निष्क्रिय केलेली पिले जन्मल्याचे २०१७ साली जाहीर झाले. आपल्याकडे तर २०२० पासून आफ्रिकन स्वाईन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग आलेला आहे. रोगमुक्त, बंदिस्त कळप उभारायला काय लागेल, याचा अहवाल नागपूरच्या पशू विद्यापीठाकडून मागवावा.

त्याआधीचे काम मात्र अगदी साधे आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या जिल्ह्यातील टाइप १ रुग्णांची नोंदवही ठेवावी; वय, सी-पेप्टाइडची तपासणी आणि साखर किती वेळा धोकादायक उतरली, एवढे तिच्यात असले तरी पुरे. धडगाव-अक्कलकुव्यातील मुले या नोंदीत आली नाहीत, तर उद्या या रोपणाच्या चाचण्या सुरू झाल्यावर त्यांना कोण बोलावणार? या नोंदवहीचा आदेश तरी येत्या अर्थसंकल्पापूर्वी निघावा, ही विनंती.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
अमळनेर, जि. जळगाव