‘आमेली’ केवळ गोड नाही

महोदय,
झाँ-पिएर जने यांच्या ‘आमेली’ (२००१) या फ्रेंच चित्रपटाबद्दल प्रेक्षकांत आजही दोन तट आहेत. यातले मोंमार्त्र, म्हणजे पॅरिसचा एक भाग, धुऊनपुसून काढलेले, स्थलांतरितांचे पॅरिस त्यात जवळजवळ नाहीच, अशी टीका समीक्षक सर्ज कागान्स्की यांनी तेव्हाच केली होती. ती मला पटते. पण ‘फार गोड’ म्हणून चित्रपटाला हिणवणे अन्यायाचे आहे. इतरांची आयुष्ये गुपचूप सावरणारी आमेली स्वतःच्या प्रेमाची वेळ आली की घाबरून लपते! ही भीती आमेलीची भूमिका करणारी ऑद्रे तोतू नुसत्या डोळ्यांतून दाखवते. ठिसूळ हाडांचा शेजारी म्हातारा तिला धीर देतो, तो प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा. मूळ फ्रेंचमध्येच, उपशीर्षकांसह.

– एक वाचक, पुणे