बाबा, बधिर कुठपर्यंत होणार ते

प्रिय आई-बाबा,

बाबा, फोनवर तुम्ही एकच विचारताय की प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी पाठीत देतात त्या भुलीच्या इंजेक्शनने नक्की कुठपर्यंत बधिर होणार. मी रोज हेच करते तरी नक्की सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनला साधारण बेंबीपर्यंत लागतं, सिझरला पार छातीपर्यंत. औषध जेमतेम ३ मिली, बुपिवाकेन हेवी, त्यात ग्लुकोज असतं म्हणून मणक्यातल्या पाण्यात ते पाकासारखं खाली बसतं, टेबल डोक्याकडे थोडं उतरतं केलं की वर सरकतं. एवढंच काय ते आमच्या हातात. खरा घोळ त्या पाण्याचाच, कमरेत कुणाला किती आहे ते बाहेरून दिसत नाही ना, आणि १९९८ मध्ये काही जणांचा एमआरआय काढून बघितलं तर ज्यांचं पाणी कमी त्यांच्यात तेवढंच भुलीचं औषध जास्त वर गेलेलं. उंचीवरून आपल्यासारख्या मोठ्या माणसांत फारसं काही कळत नाही, पोटाच्या घेरावरून जरा तरी कळतं, कारण पोटाच्या दाबाने ते पाणी कमी होतं. (तुमच्या पोटाचा विषय मी काढत नव्हते, तोच मध्ये आला.) वयानेही थोडं वर जातं, म्हणजे तुमचं बेंबीच्या वर गेलं तर घाबरायचं नाही.

म्हणूनच इंजेक्शननंतर भूल देणारे डॉक्टर स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावतील, मग मांडीपासून वर वर नेत गार लागतंय का विचारतील. तिथे उगाच हो हो करू नका प्लीज. हात लावलेला कळतो पण गार लागत नाही असंही होतं, तर तसंच सांगा. मळमळलं, हाताला मुंग्या आल्या, श्वास जड वाटला तर लगेच बोला, बीपी उतरतो तेव्हा असं होतं किंवा औषध जास्त वर गेलेलं असतं, दोन्हीवर इलाज तिथेच तयार असतो. आणि पाय कायमचे जातील वगैरे जे कुणी तुमच्या डोक्यात भरवलंय ते काढून टाका, मुख्य नस जिथे संपते त्याच्या खाली सुई घालतात.

आई, त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांग, बंद कधी करायची ते तेच ठरवतील, मनाने बंद करू नका. मी आदल्या रात्री पोचते.

तुमची,
ताई