गरिबीचे गुण देऊ नकोस

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

ख्रिस्तोफर नोलनचा ‘फॉलोइंग’ बघून भ्रमनिरास झाला म्हणालीस, आणि मित्रांनी तुला गप्प केलं ते वेगळंच. म्हणे सहा हजार डॉलरांत केलेला सिनेमा, त्याला नावं ठेवायची नाहीत. मग रविवारी मी आणि आईनं तो लावला. जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे, जेवायच्या आधी संपला.

निराशा तुझी खरी आहे, पण राग भलत्यावर काढतेयस. ‘चित्र कसलं किरकिरं, आवाज कसला’ हे जाऊ दे. १९९८ चा सिनेमा, सोळा एमएमवर, कृष्णधवल. नोकऱ्या करणारे मित्रच नट, म्हणून शनिवार-शनिवार गाठून वर्षभर शूटिंग. फिल्म महाग, म्हणून नाटकासारख्या तालमी करायच्या आणि एक-दोन टेकमध्ये सीन उरकायचा. कॅमेरा दिग्दर्शक नोलन स्वतःच चालवणार. लाइटला पैसे नाहीत, म्हणून खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात भागवायचं.

त्यातलं घरफोडीचं परत बघ. तो सुटाबुटातला चोर कॉब, प्रत्येकाच्या घरात जपून ठेवलेलं एक खोकं असतंच असं सांगतो आणि ते शोधून पालथं करतो. एका घरातून उचललेले बाईचे आतले कपडे दुसऱ्या घरातल्या पुरुषाच्या पँटच्या खिशात कोंबतो. (आईनं तिथं ‘शी’ म्हटलं, पण उठून गेली नाही.) चोरीपेक्षा लोकांच्या संसारात काडी घालण्यात त्याला गोडी. हे बघताना पैसे कमी पडलेत असं कुठं वाटतं? मला तरी वाटलं नाही.

माझं घोडं अडलं ते नायकाला जाळ्यात ओढणाऱ्या त्या बाईपाशी. श्रेयनामावलीत तिला नावसुद्धा नाही. नाव तसं नायकालाही नाही, पण त्याला निदान लोकांच्या मागं मागं फिरायची खोड तरी आहे. तिला काय आहे? गोष्टीला सापळा हवा होता म्हणून ती आली, आणि सापळा मिटला तशी संपली. शेवटी सगळं खटाखट जागेवर बसतं, आणि त्या बसवाबसवीत माणसंच पातळ होतात. तुला जे खटकलं ते बहुधा हेच असणार, नाव तेवढं आवाजाचं घेतलंस.

आणि याला सहा हजार डॉलर काय करणार? बाई कागदावर उभी करायला पैसे लागत नाहीत. नोलनच्याच, तुझ्या लाडक्या ‘इन्सेप्शन’ला सोळा कोटी डॉलर होते. तिथंही नायक कॉबच, आणि त्याची बायको बहुतेक वेळ त्याच्याच अपराधी मनातून येते-जाते. पैशानं जे सुधारण्यासारखं होतं ते सुधारलं. बायकांचं हे तसंच राहिलं.

कोल्हापूरची आहेस म्हणून आणखी एक. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी आपण किती छाती फुगवतो! मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी आपल्या सहकारी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये घरी बनवलेला कॅमेरा उभा केला, हे मी तुला शंभरदा ऐकवलंय. फुगवावीच छाती. पण त्यांचे मूकपट जवळजवळ सगळे नाहीसे झाले, त्यामुळं बघून निराश व्हायची सोयच आपल्याला उरलेली नाही. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. ‘घरचा कॅमेरा आहे, सांभाळून घ्या’ असं काही सेन्सॉर म्हणालं नाही. मला पेंटरांचा त्याहून मोठा सत्कार सुचत नाही.

तेव्हा मित्रांना खुशाल सांग, सिनेमा आवडला नाही. फक्त कुठं आवडला नाही ते नेमकं बोट ठेवून सांग.

तुझ्या शॉर्टफिल्मचं स्क्रिप्ट मिळालं. आईनं दोनदा वाचलं. मोठा भाऊ तिला पटला, त्याचं ते दुकान बंद करतानाचं कुलूप दोनदा ओढून बघणं तर फारच. वहिनी काही पटली नाही, आणि मलाही. कॅमेऱ्याच्या भाड्याचं मी बघतो, दहा तारखेनंतर पाठवतो. तोवर त्या वहिनीला दारात उभं राहून चहा देण्यापलीकडं काहीतरी काम दे.

तुझे,
पप्पा