सूचना : मोकळ्या प्लॉटवर रविवारी श्रमदान

सर्व सभासदांना नमस्कार,

चौकामागच्या प्लॉटवर बाग करायला महापालिकेची परवानगी मिळाली आहे! पावसाआधी खड्डे व्हायला हवेत, म्हणून येत्या रविवारी सकाळी ६.३० ते ९.३० प्लॉटवरच जमायचे आहे. प्रत्येक घरातून किमान एकाने यावेच.

• कुदळ, फावडे, घमेले असेल ते आणा.

• आधी गाजरगवत काढू. ते फुलण्याआधी मुळासकट उपटले तरच आटोक्यात येते. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. दमा असलेल्यांनी कृपया त्या कामाला हात लावू नये, घरी बसून पाणी घालण्याच्या पाळ्यांची यादी करावी.

• झाडे देशीच लावायची : ताम्हण, बहावा, करंज, कडुनिंब. गुलमोहराची मागणी आली होती. तो दिसतो सुरेख, पण मूळचा मादागास्करचा, आणि वादळी पावसात त्याच्या फांद्या मोडतात. मुले खेळणार तिथे तो नको.

• कुंपणालगतच्या उंबराला कोणीही हात लावू नये. विनापरवाना वृक्षतोड १९७५ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, शिवाय पाखरांचा सगळा राबता त्याच्यावरच आहे.

• उताराच्या कोपऱ्यात शोषखड्डा होणार आहे. तिथे राडारोडा टाकू नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.