तिकडची सावली मोजून कळवा

शिरोळ,
24 डिसेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र सोन्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. फोनवर सांगता आलं असतं, पण चौथीतल्या पोराला वाचायला बसवायचं तर आत्याच्या पत्रासारखं औषध नाही. जोडाक्षराला अडला तर अण्णा, तुम्ही लगेच पुढचा शब्द सांगू नका. थांबा जरा.

आई, तू परवा विचारलंस, थंडीत शाळेत शिकवता का नुसती गॅदरिंगची नाचगाणी चालतात? नाचगाणी आहेतच. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे, त्यामुळे वर्गातल्या निम्म्या पोरींना आत्तापासून नऊवारी हवीय. पण शिकवणंही चाललंय, आणि या दिवसांत ते जास्तच रंगतं. दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणीवाल्या नवरा-बायकोच्या जोड्या, आले की माझा वर्ग भरतो. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडं, त्यात आता आपल्या बीडकडची पोरं. काहींनी इथल्या शाळेत बसता यावं म्हणून गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक आणलंय, काहींनी काहीच नाही. मी दोघांनाही बसवून घेते. कागद मागाहून होतो. रात्री गाडी भरायला आईबापाबरोबर उसाच्या फडात जागलेलं पोर सकाळी परिपाठाला उभ्यानं पेंगतं. त्याला मी काय बोलणार?

तिसरीच्या परिसर अभ्यासाची गंमत सांगते. ते पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं असतं. इथली पोरं कोल्हापूरचं उघडतात, पंचगंगा वाचतात. धारूरहून आलेल्या पोरीच्या दप्तरात बीडचं, त्यात बिंदुसरा. पहिल्या दिवशी ती पुस्तक झाकूनच बसली. मग मी दोन्ही पुस्तकं मधे ठेवली आणि दोन्ही नकाशे फळ्यावर काढले. आता दोन नद्या, दोन जिल्ह्यांची पिकं असं सगळं जोडीनं चालतं. परीक्षेत मात्र एकच जिल्हा विचारतील, तेवढी धाकधूक आहे.

चौथीला शिवरायांचा इतिहास. पन्हाळ्याचा वेढा, बाजीप्रभू. जानेवारीत सहल तिथंच न्यायची आहे. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. तोडणीवाल्या पोरांचे निम्मे पैसेही घरून येणं अवघड. त्याची तजवीज आम्ही दोघी बाई करतोय. गडावरचा अंबरखाना, ते धान्याचं प्रचंड कोठार, पोरांना दाखवायचाच आहे मला. तीन दरवाज्यापाशी सगळेच फोटो काढतात.

गणितात गुणाकार आणि वजनं चालू आहेत. अण्णा, हे तुमच्यासाठी लिहितेय. 1 टन म्हणजे 1000 किलो हे मला शिकवावं लागलंच नाही, कोपीवरच्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांतल्या, पोरांनी इथल्यांना शिकवलं. तोडणीचा दरही त्यांना पाठ: टनाला 366 रुपये. मी उदाहरण घातलं, एका कोयत्यानं दिवसात दोन टन तोडला तर मजुरी किती? 732, सगळ्यांच्या आधी उत्तर आलं. मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "बाई, ह्यातनं आगाऊ घेतलेली उचल वजा करायची ना?" मी म्हटलं, कर. त्यानं 732 लिहिले, खाली एक लाख लिहिले आणि पाटी माझ्यापुढं धरली. "वजा होतच नाही, बाई." लहानातून मोठं वजा करणं चौथीत नसतं, पुढच्या वर्गात येईल, असं सांगून मी वेळ मारून नेली. तुम्ही आणि आई याच भागात यायचात आणि मी आजीजवळ राहायची, तेव्हा घरात हेच गणित चालायचं. तेव्हा मला ते पाटीवर मांडायचं सुचलं नव्हतं. त्यानं मांडलं.

आता काम सांगते. सावलीचा प्रयोग चालू आहे. मैदानात एक मीटर काठी सरळ उभी रोवलीय. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सगळ्यात आखूड होते, ती आम्ही खडूनं आखून मोजतो. दिवाळीनंतर ती रोज लांबत गेली आणि 22 तारखेला 84 सेंटीमीटर भरली. आता इथून ती हळूहळू कमी होणार. पोरं ऐकत नाहीत, त्यांच्या आज्या सांगतात संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो. मी म्हटलं, भांडू नका, संक्रांतीपर्यंत मोजा.

तेवढ्यात धारूरच्या पोरीनं विचारलं, "आमच्या गावात पण एवढीच का?" तुम्ही आमच्यापेक्षा उत्तरेला, तिथं सूर्य आणखी खाली दिसतो, म्हणजे सावली लांब पडायला हवी. पण किती, ते मी सांगितलं नाही.

तर सोन्या, तूच वाचतोयस ना? अण्णांकडून बरोबर एक मीटरची काठी घे. अंगणात नको, भिंतीची सावली येते, खळ्यावर रोव. ती सरळ उभी आहे का, ते दोऱ्याला दगड बांधून बघ. बारा ते एक, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण कर आणि सगळ्यात आखूड आकडा फोनवर कळव. पत्र मिळाल्यावर लगेच कर, लांबवू नको. इकडं पोरांनी फळ्यावर जागा मोकळी ठेवलीय.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
मंगल